विजेवर गाळ सुकवणारं युनिट: स्लाइम्ससाठी (अगदी बारीक चिखलासाठी) घ्या, वाळूसाठी नको

डिचोली तालुक्यात लोहखनिज धुण्याच्या प्लांटवर मी शिफ्ट सांभाळतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, तरी टेलिंग पाँडमधला, म्हणजे खनिज धुऊन उरलेल्या चिखलाच्या तळ्यातला, गाळ जागचा हलला नाही. वरून टणक दिसतो, काठी खुपसली की आत नुसतं दही. म्हणून हे युनिट ट्रायलला भाड्याने आणलं.

तत्त्व जुनंच. रॉइस नावाच्या शास्त्रज्ञाने १८०९ च्या सुमारास मॉस्कोत ओल्या चिकणमातीतून वीज सोडून पाणी सरकताना पाहिलं होतं. मातीच्या कणांवर ऋण भार असतो. त्यांच्या भोवतीचे धन आयन (भारित कण) कॅथोडकडे, म्हणजे ऋण टोकाकडे, निघाले की पाण्यालाही ओढून नेतात. इथे कॅथोड म्हणजे जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) गुंडाळलेला भोकांचा पाइप. पाणी त्यातूनच उपसायचं.

काम करतं, यात शंका नाही. ज्या बारीक स्लाइम्सनी आमच्या फिल्टर प्रेसचं (दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राचं) कापड चोंदतं, तिथेच हे कमाल दाखवतं. जाड वाळूचं पाणी आपोआप निचरतं, तिच्यावर वीज कशाला जाळायची?

डोकेदुखी अ‍ॅनोडची, म्हणजे धन टोकाच्या दांड्यांची. कोटिंगवाले टायटॅनियमचे कबूल करून पुरवठादाराने साधे लोखंडी धाडले. उपसून पाहिले तर मनगटाएवढ्या दांड्यांची खालची टोकं पेन्सिलीएवढी उरलेली. शिवाय अ‍ॅनोडलगतचा गाळ आधी सुकतो, भेगा पडतात, संपर्क तुटतो आणि अ‍ॅमीटरचा काटा खाली येतो. मग आमचा ऑपरेटर भेगेत बादलीने पाणी ओतायचा. गाळ सुकवायचं यंत्र आणि त्यालाच पाणी पाजायचं! ध्रुव अदलून बदलून चालवले की हा त्रास कमी होतो, पण कोटिंगवाल्या अ‍ॅनोडला उलटा प्रवाह मानवत नाही, हे आधीच विचारून घ्या.

कॅथोडला हायड्रोजन सुटतो, तेव्हा जागा उघडी हवी आणि आसपास विडी-काडी बंद. तिथलं पाणी अल्कधर्मी असतं. पीएच बघूनच प्लांटला परत घ्या.

विजेचं बिल शेवटच्या ओलाव्याला फुगतं. गाळ टिपरमध्ये न गळता बसला की आम्ही रेक्टिफायर (डीसी वीज पुरवणारं यंत्र) बंद करतो. त्यापुढे उन्हाळ्यात ऊन फुकट आहे, पावसात शेड लागेल. कोटेशन मागवताना अ‍ॅनोडची धातू लेखी घ्या आणि बदलायचा खर्च वेगळा मांडायला लावा.