'आयएमएस झालंय' सांगून मला विकलेली जुनी बॉक्सस्टर

बे एरियात असा नाहीतर अमेरिकेत कुठेही, दहा हजार डॉलरच्या आत पोर्शे मिळतेय म्हणून जुन्या बॉक्सस्टर बघत असाल तर आधी हे वाचा. मला २००२ ची बॉक्सस्टर एस ९,५०० डॉलरला विकली गेली. सिल्व्हर, मॅन्युअल. विकणाऱ्याने जे काही सांगितलं त्यातलं रंग आणि गिअर सोडून काहीच खरं निघालं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट. या गाड्यांच्या इंजिनात क्रँकची गती चेनवाटे कॅमशाफ्टपर्यंत नेणारा हा शाफ्ट, आणि त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग. त्यातलं ग्रीस कालांतराने निघून जातं, इंजिनचं ताजं ऑइल सीलमुळे नीट पोचत नाही, मग बेअरिंग झिजतं आणि एक दिवस तुटतं. तुटलं की टायमिंग जातं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, इंजिन खलास. साधारण २००० ते २००५ च्या गाड्यांत सिंगल रो बेअरिंग आहे, जास्त बदनाम तेच. यावरून क्लास ॲक्शनही (सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकत्र दावा) झाली आणि २०१३ मध्ये तडजोड झाली, पण ती १० वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती, त्यामुळे आता त्याचा उपयोग शून्य. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. बेअरिंग स्वतः काही फार महाग नाही, पण तिथपर्यंत पोचायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवावं लागतं, म्हणून ४ हजार डॉलरच्या आसपास कोट येतं. म्हणूनच जाहिरातीत 'आयएमएस डन' (बेअरिंग बदललंय) लिहिलं की गाडीचा भाव चढतो, आणि म्हणूनच ते खोटं लिहिण्यात पैसा आहे.

विकणारा माणूस बोलायला एकदम गोड. बायकोला दिवस गेलेत, दोन सीटची गाडी आता काय कामाची, वगैरे. मी पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं, "आत्ताच धुवून आणली" म्हणाला. धुतलेली होतीच, पण गरम ठेवण्यामागचं कारण वेगळं. या गाडीचे निम्मे आजार थंड इंजिन चालू करताना दिसतात: चेन टेन्शनरची खडखड ऐकू येते, आणि एअर ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग) गेला असेल तर मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. गरम इंजिन गुपचूप चालू होतं.

माझ्याकडे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) होता, मी लावला. कोड एकही नाही, चेक इंजिन लाइट बंद. आता हीच खरी चलाखी, नीट समजून घ्या. कोड पुसले की गाडीचे रेडीनेस मॉनिटरही (गाडी स्वतःच्या तपासण्या करते त्यांची नोंद) शून्यावर जातात, आणि ते परत पूर्ण व्हायला काही दिवस वेगवेगळ्या स्पीडने गाडी चालवावी लागते. स्कॅनरवर त्याची वेगळी स्क्रीन असते, तिथे एकेका मॉनिटरपुढे 'अपूर्ण' दिसलं की समजायचं, लाइट काल-परवाच पुसलाय. कॅलिफोर्नियात २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्टमध्ये (गाडीच्या धुराची सरकारी चाचणी) फक्त इव्हॅप (पेट्रोलच्या वाफेचा) मॉनिटर अपूर्ण चालतो, बाकी सगळे पूर्ण लागतात. म्हणजे कोड पुसलेली ही गाडी स्मॉग पास होणंच शक्य नव्हतं, कारण मॉनिटर पूर्ण होईपर्यंत कोड परत येणार! कायद्याने स्मॉग सर्टिफिकेट विकणाऱ्याने द्यायचं असतं, हा म्हणाला "वेळ नाही मिळाला, दोनशे डॉलर कमी दे आणि तूच करून घे." ते दोनशे डॉलर म्हणजे सगळ्या प्रकरणाची किल्ली होती.

आणि आयएमएस केल्याची पावती! गॅरेजचं लेटरहेड, तारीख, आयएमएस बेअरिंग आणि रिअर मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील), एकूण रक्कम, सगळं होतं. घरी चेक इंजिन लाइट परत लागल्यावर पोर्शेचंच काम करणाऱ्या एका मेकॅनिककडे गाडी नेली, त्याने पावती वाचली आणि आधी क्लच दाबून बघितला. "जड आहे. जुना क्लच आहे हा." एवढं सगळं उतरवलंय तर क्लच तोच परत कोण बसवेल? फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवीन घेतल्याची नोंद पावतीत नाही. ज्या गॅरेजचं नाव होतं त्यांना फोन केला, पावती नंबर त्यांचाच पण गाडी दुसरी, व्हीआयएन (चॅसी नंबर) दुसरा. कोणाच्या तरी खऱ्या पावतीवर याने माझ्या गाडीचा नंबर चिकटवलेला.

मग मेकॅनिकने ऑइल फिल्टर काढला. यात कागदी कार्ट्रिज असतं, ते कापून घड्या उलगडल्या आणि टॉर्च धरला, तर घडीघडीत बारीक चमचम. त्याने टिश्यूवर थोडं पुसून घेतलं आणि खालून मॅग्नेट फिरवला, तर चमचम मॅग्नेटच्या मागे मागे सरकायला लागली. ॲल्युमिनियम असतं तर हललं नसतं, हे पोलाद होतं. सोबत तपकिरी प्लास्टिकचे कण, ते चेनच्या पॅडचे. मी त्या टिश्यूकडे बघतच राहिलो राव.

शेवटी त्याने कॉम्प्युटर लावून इंजिनचे तास वाचले. मीटरवर ६४ हजार मैल, इंजिन चाललेलं ३,९०० तास. भागाकार करा, ताशी १६ मैल येतात, म्हणजे जन्मभर गाडी ट्रॅफिकमध्येच उभी होती असं धरावं लागेल. मीटर मागे फिरवलाय. इतक्या जुन्या गाडीच्या विक्रीत मैल जाहीर करायची फेडरल सक्ती नसते, टायटलवर (गाडीच्या मालकीचा कागद) 'एक्झेम्प्ट' म्हणजे 'सूट' येतं, त्याचा हे लोक फायदा घेतात, पण मीटर फिरवणं गुन्हाच आहे, गाडी कितीही जुनी असो.

बाय द वे, गाडी प्रामाणिक माणसाकडून मिळाली तरी खर्च सोडत नाही हे धरून चाला. कॉइल पॅक (स्पार्क प्लगला वीज देणारे) तडकतात आणि मिसफायर होतो, सहा आहेत. वॉटर पंपचा प्लास्टिक पंखा मोडला तर तुकडे कूलंटमध्ये फिरतात. कूलंटची टाकी तडकून मागच्या डिकीचं कार्पेट ओलं होतं, तिथे हात घालून बघाच. छताच्या ड्रेनमध्ये पानं अडकली की पाणी आत येतं आणि सीटखालचं इमोबिलायझरचं (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं) मॉड्यूल भिजतं, मग गाडी चालूच होत नाही. साधं ऑइल बदलायचं तरी आठ-नऊ लिटर लागतं.

टायटलवर नाव तिसऱ्याच माणसाचं, मालकाची सही आधीच केलेली. "मित्राची गाडी, मधे ट्रान्सफर केली नाही" असं सांगितलेलं. हे लोक गाड्या उचलून घरची गाडी म्हणून विकतात, डीएमव्हीचं (इथलं आरटीओ) डीलर लायसन्स न घेता. टायटलवरच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं, तर एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. त्यांनी ती गाडी इंजिनमधून आवाज येतो हे स्पष्ट सांगून २,८०० डॉलरला याला विकली होती, तेव्हा मीटरवर १,१८,००० मैल होते आणि त्याचा फोटो त्यांच्याकडे आहे. लिहून द्यायला तयार आहेत. बिचारे उलट माझीच माफी मागत होते.

डीएमव्हीच्या तपास विभागाकडे तक्रार केलीय. स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट) १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, तोही लावतोय, पण समन्स बजावायला पत्ता लागतो आणि ज्या घरासमोर गाडी दाखवली ते काही दिवसांसाठी भाड्याने घेतलेलं निघालं. जाहिरातीतले फोटो त्याच घरासमोरचे आहेत: लाल विटांचा ड्राइव्हवे, डावीकडे लिंबाचं झाड, मागे पांढरं गॅरेज. याच जागेचे फोटो असलेली दुसरी कुठलीही गाडी विकायला दिसली तर मला लगेच स्क्रीनशॉट पाठवा.