मांजरीच्या पिल्लासाठी उकडलेले चिकन की तयार खाद्य?

आईचे दूध सुटलेले, साधारण 8 आठवड्यांचे पिल्लू घरी आले की त्याच्यापुढे हमखास दूध-पोळीची बशी येते. पण गाईच्या दुधातील लॅक्टोज ही साखर अनेक पिल्लांना पचत नाही व जुलाब लागतात, म्हणून खरी निवड उकडलेले चिकन आणि पिल्लांसाठीचे तयार खाद्य यांतच करावी लागते.

चिकन पिल्लू आवडीने खाते आणि त्यातून उत्तम प्रथिने मिळतात. मात्र निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम अत्यल्प असल्याने, केवळ त्यावरच वाढणाऱ्या पिल्लाची हाडे कमकुवत होतात. शिवाय डोळ्यांसाठी आणि हृदयासाठी अत्यावश्यक असलेले टॉरिन हे पोषकद्रव्य उकळताना बरेचसे पाण्यात उतरते आणि ते पाणी आपण ओतून देतो. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर मांजरांना विषारीच असतो.

तयार खाद्य महाग पडते, हे खरे. पण पाकिटावर ‘किटन’ आणि ‘संपूर्ण आहार’ असा उल्लेख असेल, तर कॅल्शियम, टॉरिन हे घटक त्यात योग्य प्रमाणात घातलेले असतात. कोरडे दाणे कोमट पाण्यात, बोटाने सहज चिरडतील इतके मऊ भिजवून, दिवसातून 4 वेळा थोडे थोडे द्यावेत. माझा कौल निःसंशय तयार खाद्याला आहे. बिनमिठाच्या, हाडे काढलेल्या चिकनचे एक-दोन तुकडे अधूनमधून वरचा खाऊ म्हणून द्यायला हरकत नाही.