मेलबर्नमध्ये पहिलं घर: राहायला की भाड्याने द्यायला?

पीआर (कायम राहण्याचा परवाना) हातात पडला की मेलबर्नच्या मराठी मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो, स्वतः ऑफिसजवळ भाड्याने राहा आणि लांब कुठेतरी इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी घेऊन टाक, टॅक्स वाचतो. दुसरा म्हणतो, टार्नीट असो नाहीतर पॉइंट कुक, शहराबाहेरच्या उपनगरात का होईना, आधी राहतं घर घे. मी दोन्ही केलंय. खालचे नियम २०२४-२५ या करवर्षाचे. तुमचं गणित अकाउंटंटकडून तपासून घ्या.

पहिल्या मार्गाची सगळी मोहिनी निगेटिव्ह गिअरिंगची, म्हणजे भाड्याच्या घराचा तोटा करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची. समजा भाडं वर्षाला ३०,००० डॉलर आलं आणि व्याज, कौन्सिल रेट्स (स्थानिक घरपट्टी), एजंटची फी मिळून ४२,००० गेले. १२,००० चा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होतो. ३७ टक्के कराच्या टप्प्यात असाल तर मेडिकेअर लेव्ही (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा कर) धरून ४,६८० वाचतात. उरलेले ७,३२० आपलेच जातात, पण हे सांगताना मित्रांचा आवाज जरा खाली येतो. मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने व्याजदर ०.१० वरून ४.३५ टक्क्यांवर नेला, तेव्हा हा खड्डा किती खोल जातो ते अनेकांना कळलं.

अर्थात, किंमत वाढली तर भरून निघतं. वर्षभरानंतर विकलं तर निम्म्याच नफ्यावर कर. ही सवलत १९९९ पासूनची. राहत्या घराच्या नफ्यावर मात्र सहसा काहीच कर नाही, लँड टॅक्स (जमिनीच्या किमतीवरचा वार्षिक कर) तोही नाही. भाड्याने दिलेल्या घरासाठी मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाने २०२४ पासून लँड टॅक्स जिथून सुरू होतो ती जमिनीच्या किमतीची मर्यादा ३ लाख डॉलरवरून ५० हजारांवर आणली.

तरीही मी पैशांमुळे नाही, इन्स्पेक्शनमुळे राहत्या घराकडे वळलो. इथे भाडेकरूच्या घराची सहा महिन्यांनी एकदा तपासणी होऊ शकते, सात दिवसांची नोटीस देऊन. आमच्याकडे एजंट यायचा आणि खोलीखोलीचे फोटो काढायचा. आदल्या रात्री बायको पांढऱ्या ओट्यावरचा हळदीचा डाग बेकिंग सोड्याने घासायची, मी फोडणीचा वास जावा म्हणून थंडीत खिडक्या उघडून बसायचो. त्याच सुमारास मला माझ्या भाडेकरूच्या स्वयंपाकघराचे तसलेच फोटो ईमेलने यायचे. वर मी भरतो त्या भाड्याला वजावट नाही, मला मिळतं ते भाडं उत्पन्नात धरलेलं. याला कुणी हसेल, पण स्वतःच्या घरात तो डाग आता तसाच आहे.

धोरणाचा वादही डोक्यात असू द्या. पंतप्रधान बॉब हॉक यांच्या सरकारने १९८५ मध्ये ही निगेटिव्ह गिअरिंगची वजावट आवळली आणि १९८७ मध्ये पुन्हा मोकळी केली. २०१९ च्या निवडणुकीत विरोधी पक्षनेते बिल शॉर्टन यांचा लेबर पक्ष ती फक्त नव्या घरांपुरती ठेवायचं आश्वासन घेऊन लढला आणि हरला. समर्थक म्हणतात, गुंतवणूकदार गेले तर भाड्याची घरं कमी होतील, आणि त्यात तथ्य असेलही. पण शनिवारच्या लिलावात पहिलं घर शोधणारं जोडपं ज्याच्याविरुद्ध बोली लावतं, त्याच्या तोट्यातला वाटा सरकार उचलतं, हे मला पटत नाही. आणि एवढ्या वेळा हललेल्या नियमावर वीस वर्षांचं कर्ज बेतायला जिगर लागते.

ज्यांची नोकरी आज मेलबर्न तर उद्या पर्थ अशी फिरते, त्यांना पहिला मार्ग कदाचित सोयीचा पडेल. मात्र त्यांनीही शक्य असेल तर घेतलेल्या घरात आधी खरोखर राहायला जावं. नंतर ते भाड्याने दिलं आणि दुसरं कुठलं घर राहतं म्हणून दाखवलं नाही, तर सहा वर्षांपर्यंत नफ्यावरची करमाफी टिकू शकते. भाड्याचा तोटा त्या काळातही पगारातून वजा होतोच.