फुल बॉडी चेकअपचं होम कलेक्शन, सोलापूर : ५ पैकी ३ स्टार

लॅबचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका लॅबची नाही, असे रिपोर्ट हल्ली सगळीकडूनच येतात. पण लिव्हरचे आकडे थोडे वर आले म्हणून रात्रभर जागणारे माझ्यासारखे अजून असतील, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मिस्टर ४४ वर्षांचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतात. सासऱ्यांना शुगर होती म्हणून मीच मागे लागून सप्टेंबरमध्ये १४९९ चं पॅकेज बुक केलं. रक्त घ्यायला लॅबचा मुलगा सकाळी नऊला सांगितलेल्या वेळेला दारात हजर, हातमोजे नवे, सुई पाकिटातून समोर काढली, एकाच टोच्यात रक्त घेतलं आणि ट्यूबवर नाव-वय लिहून आम्हाला दाखवलं. ह्याला पाचपैकी पाच.

रिपोर्ट रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर आला. एसजीपीटी ६८, एसजीओटी ४८ (हे दोन लिव्हरचे एन्झाइम), बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य, १.४, तिन्ही लाल रंगात आणि बाजूला वर जाणारा बाण, बाकी एक ओळ सुद्धा नाही. एसजीपीटीची लिमिट ४५ लिहिली होती म्हणजे ६८ किती वाईट, थोडं की लई, कोणाला विचारायचं रात्री? सासूबाईंनी बिलिरुबिन शब्द ऐकला आणि म्हणाल्या, "अगं कावीळ झालीय त्याला, डोळे बघ आधी." बॅटरी लावून डोळे बघितले, पांढरेच होते, तरी सकाळी कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि सकाळी दहाला लॅबकडून फोन, मला वाटलं रिपोर्ट समजावून सांगतील, तर लिव्हर डिटॉक्सचं पॅकेज घ्या म्हणून. त्या मुलीचा राग नाही, तिला सांगितलेलं ती बोलत होती, पण घाबरलेल्या माणसाला असा फोन करू नये. माझे दोन स्टार इथेच गेले.

मग सात रस्त्याजवळच्या आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी प्रश्नच विचारले. दारू किती? नाही. गोळ्या कोणत्या? कंबर दुखली की पेनकिलर. काढा, पावडर, चूर्ण काही? इथे सासूबाई बोलल्या, कोरोनापासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा देते. व्यायाम? दहा दिवसांपूर्वीच जिम लावलेली, टेस्टच्या आदल्या दिवशी पायांचा जोरात व्यायाम झाला होता. उपाशी किती तास? चौदा, कारण पॅकेजवाल्यांनी फक्त "रात्रीपासून काही खाऊ नका" एवढंच सांगितलेलं आणि हे सातलाच जेवून बसले, लॅबने दहा-बारा तास असं स्पष्ट लिहायला काय हरकत होती?

डॉक्टरांनी मिस्टरांच्या भाषेत समजावलं. म्हणाले, माग चालू असताना थोडे धागे तुटून खाली पडतातच, जास्त पडायला लागले तर माग तपासायचा, पण धागे पडले म्हणजे कापड विणणं थांबलं असं नाही. एसजीपीटी, एसजीओटी हे असे खाली पडलेले धागे, लिव्हरच्या पेशींमधून रक्तात आलेले एन्झाइम. लिव्हर काम नीट करतंय का हे अल्ब्युमिन, म्हणजे लिव्हर बनवतं ते प्रोटीन, आणि रक्त गोठायच्या टेस्टवरून जास्त कळतं. ह्यांचं अल्ब्युमिन ४.३, म्हणजे नॉर्मल, आणि रिपोर्टमध्ये ते काळ्या अक्षरात होतं म्हणून आम्ही बघितलंच नव्हतं. रक्त गोठायची टेस्ट ह्यांना आत्ता लागत नाही म्हणाले. एसजीओटी स्नायूंमध्येही असतो, सवय नसताना जड व्यायाम केला तर दोन्ही एन्झाइम आठवडाभर सुद्धा वर राहू शकतात. बिलिरुबिनमध्ये डायरेक्ट, म्हणजे लिव्हरने प्रक्रिया केलेला भाग, फक्त ०.३ होता, उरलेलं इनडायरेक्ट, म्हणजे प्रक्रिया व्हायच्या आधीचं, आणि हिमोग्लोबिन चांगलं, म्हणजे रक्तपेशी जास्त तुटत असल्याची शंका कमी. काही लोकांत जन्मतःच हे थोडं वर असतं, उपाशी राहिलं की अजून चढतं, त्याला गिल्बर्ट म्हणतात आणि त्याने लिव्हर बिघडत नाही. सासूबाईंचा चेहरा हे ऐकून सैल झाला.

अजून एक गोष्ट मला पहिल्यांदाच कळली. नॉर्मल रेंज ठरवताना धडधाकट लोकांपैकी साधारण ९५ टक्के ज्यात बसतात ते आकडे घेतात, म्हणजे काही धडधाकट माणसं बाहेर राहणारच, आणि पॅकेजमध्ये सत्तरएक टेस्ट असल्या तर एखाददुसरी लाल येणं साहजिक आहे. हे त्या रिपोर्टखाली दोन ओळीत छापायला किती शाई लागते?

पण डॉक्टरांनी "काही नाही हो" म्हणून सोडलं नाही, हे मला जास्त आवडलं. ६८ म्हणजे दुप्पटही नाही, पण सोडून द्यायचं नाही. हिपॅटायटीस बी आणि सीची टेस्ट करायला लावली, दोन्ही निगेटिव्ह. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी, निघालं. मग वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट, ते २ लाख ४० हजार होते, असे चार आकडे मोबाईलमध्ये टाकून फिब-४, म्हणजे लिव्हरमध्ये व्रण किती असतील ह्याचा अंदाज देणारा आकडा, काढलं, १.०७ आलं. १.३ च्या खाली असलं तर लिव्हरमध्ये जास्त व्रण असण्याची शक्यता कमी. हे चारही आकडे लॅबच्या त्याच रिपोर्टमध्ये होते, वेगळे पैसे लागले नाहीत.

गुळवेल बंद करायला सांगितली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला त्रास झाल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नव्हतं, डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि म्हणाले, आजी, आकडे वर आहेत तोवर थांबवू, मग बघू. सासूबाईंनी त्याच दिवशी डबा माळ्यावर ठेवला. पेनकिलर मनाने नाही. आणि वजन ८२ आहे ते सहा-आठ किलो उतरवायचं, त्यानेच फॅटी लिव्हर सुधारतं, डिटॉक्सच्या बाटलीची गरज नाही. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी चालेल का म्हणून ह्यांनी विचारलं, भाकरी चालेल, चटणीवर तेल ओतून घेणं कमी करा म्हणाले.

डोळे पिवळे, लघवी गडद, सारखी उलटी, माणूस बडबडायला लागला किंवा आकडे शेकड्यांत असतील तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना, हे त्यांनी दोनदा सांगितलं, मीही दोनदा लिहिलं असतं.

सहा आठवड्यांनी परत टेस्ट, त्याच लॅबकडून, म्हणजे रेंज तीच राहते. ह्यावेळी आठवडाभर जिम बंद, दहाच तास उपाशी. एसजीपीटी ४९, एसजीओटी ३४, बिलिरुबिन १.१, वजन ७९. तोच मुलगा आला होता, ह्यांनी जिमचं सांगितलं तर त्याने फॉर्मवर लिहून घेतलं, म्हणजे विचारलं तर ते करतात, फक्त विचारायची पद्धत लॅबने ठेवलेली नाही. तक्रार मेलवर टाकलीय, "नोंद घेतली" एवढंच उत्तर आलंय.

होम कलेक्शन पुन्हा त्यांचंच घेणार. एसजीपीटी अजून जरा वर आहे म्हणून पुढची टेस्ट गड्ड्याची यात्रा झाल्यावर, जानेवारीच्या शेवटी आहे. रिपोर्ट कितीही वाजता आला तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोरच उघडायचा असं घरात ठरलंय, सासूबाईही हो म्हणाल्यात.