डबा कुणाच्या भरवशावर ठेवायचा: बांधावरच्या होकाराच्या की लेटरहेडवरच्या?

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायचा खेळ; त्या डब्याला ‘कॅश’ म्हणतात. असे पन्नासेक डबे शोधून झाले की स्वतःचा एक लपवायची खाज सुटते. जागा हेरलेली असते, हवाबंद डबा आणलेला असतो, शोधणाऱ्यांनी नाव लिहायच्या लॉगबुकचे कागदही कापून झालेले असतात. गाडी अडते ती जागामालकाच्या होकारापाशी. हा होकार मिळवायचे आपल्याकडे ढोबळमानाने दोन रस्ते. एक, गावाकडच्या शेतकऱ्याला त्याच्या बांधावर गाठून तोंडी विचारायचं. दुसरा, शहरातल्या एखाद्या संस्थेकडे, म्हणजे देवस्थान, सोसायटी, ट्रस्ट यांच्याकडे लेखी अर्ज द्यायचा. माझा एक डबा भोरकडच्या भातखाचराच्या बांधावर आहे, आणि एक पुण्यातल्या एका टेकडीच्या पायथ्याच्या देवस्थानाच्या आवारात होता. ‘आहे’ आणि ‘होता’ यावरून माझा कल कळलाच असेल. तरी जरा दम धरा, ट्रस्टच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे.

किल्ल्यांचं आधी उरकतो, कारण प्रत्येक नवख्याच्या डोक्यात पहिला किल्लाच येतो. राजगड, लोहगड, शिवनेरी वगैरे १२ किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. त्यांच्या तटाच्या फटीत डबा सारायचा विचारही नको. अभयारण्यात वनविभागाची परवानगी हा स्वतंत्र अध्याय आहे. अशा ठिकाणी डब्याशिवायचा अर्थकॅश करावा, म्हणजे येणाऱ्याने तिथली भूरचना बघून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. २००४ पासून हा प्रकार आहे आणि निघोजच्या रांजणखळग्यांसारखी जागा त्यासाठी जणू घडवलेलीच आहे. पण तुम्हाला डबाच लपवायचा असेल, तर पुढे वाचा.

आधी लेखी रस्ता. याचं पहिलं सुख म्हणजे कुणापुढे अडखळत बोलावं लागत नाही. अर्ज घरी बसून, चार वेळा खोडून नीट लिहिता येतो. मी दीड पानी अर्ज केला. खेळ काय आहे, डबा केवढा, आत काय, कुठे ठेवणार, कोण येणार, सगळं लिहिलं. सोबत जागेचा फोटो. कचेरीतल्या बाईंनी आवक क्रमांक टाकून पोच दिली आणि “पुढच्या मीटिंगला ठेवते” म्हणाल्या. पुढच्या मीटिंगला कोरम झाला नाही. त्याच्या पुढच्या मीटिंगला एका विश्वस्तांनी विचारलं, की यात लॉटरी वगैरे नाही ना. मी समक्ष जाऊन नाही म्हणून आलो. चार खेपा आणि सव्वादोन महिन्यांनी पत्र मिळालं. लेटरहेड, दोन सह्या, गोल शिक्का. खरं सांगतो, इतका आनंद मला पासपोर्ट आल्यावरही झाला नव्हता. रिव्ह्यूअरने, म्हणजे खेळाच्या वेबसाइटवर नवे डबे तपासून मंजूर करणाऱ्याने, परवानगीबद्दल विचारलं, मी पत्राचा फोटो पाठवला, डबा मंजूर.

तोंडी रस्त्याचं पहिलं दुःख त्याच्या बरोबर उलटं. तिथे तोंड उघडावंच लागतं, आणि आपल्या छंदाची भाषा तिथे आपल्याला बुडवते.

भोरच्या त्या बांधावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हातात मोबाइल धरून जीपीएसचे आकडे स्थिर व्हायची वाट बघत उभा होतो. मागून आवाज आला, “काय मोजताय पाव्हणं? रिंगरोड इकडनं न्यायचाय व्हय?” साठीतले गृहस्थ, खांद्यावर विळा अडकवलेला. मी घाईघाईने म्हणालो, “नाही आबा, मोजणी नाही. तुमच्या बांधावर एक कॅश ठेवायची होती.” आबा दोन पावलं मागे सरले. “रोकड? माझ्या बांधाव? ती कशापायी?” सावरायला म्हणून मी म्हटलं, रोकड नाही, खजिना शोधायचा खेळ आहे. हे तर आणखीनच वाईट. गुप्तधनापायी रात्रीबेरात्री खड्डे घेणारी माणसं त्यांनी ऐकलेली होती आणि त्यांच्या नजरेत मी आता त्या टोळीतला झालो होतो.

त्या दिवशी मी नुसता चहा पिऊन परत आलो. पुढच्या रविवारी गेलो तो डबा उघडाच हातात धरून. पेन्सिल, कागदाची गुंडाळी, दोन गोट्या, एक किचेन. म्हटलं, “आबा, एवढंच आहे. लोकं शोधत येतात, या कागदावर नाव लिहितात, डबा होता तिथे ठेवून जातात.”

“आन् पैसं?”

“नाही.”

“मग येतात कशाला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. पण मी पुढची दोन वाक्यं बोललो आणि माझ्या मते काम त्यांनीच केलं. “खड्डा खणणार नाही. आणि तुम्हाला नको झालं तर फोन करा, त्याच दिवशी येऊन काढून नेतो.” पहिलं तर आपल्या खेळाच्या नियमातच आहे, काही उपकार नव्हे. (२००० साली ओरेगॉनच्या रानात ठेवलेली पहिली बादली अर्धी मातीत पुरलेली होती. आजचा रिव्ह्यूअर तीच परत पाठवील.) दुसरं वाक्य मी अर्ध्या पानावर मराठीत लिहून, खाली नंबर घालून दिलं. आबांनी ते घडी करून खिशात ठेवलं, वाचलं नाही. मग डबा माझ्या हातातून घेतला, बांधाच्या रचलेल्या दगडांतला एक दगड काढला, डबा आत सारला, दगड परत बसवला. मी आधी हेरलेल्या झाडाच्या ढोलीपेक्षा ती जागा दसपट चांगली होती.

कष्टाचा हिशेब केला तर दोन्हीकडे सारखाच. तिथे चार खेपा कचेरीच्या, इथे दोन खेपा साठ-पासष्ट किलोमीटरच्या. इथपर्यंत मी कुणालाही लेखी रस्ताच सुचवला असता. कागद हातात असतो. उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतो. शहरातल्या डब्याला शोधणारेही जास्त. माझ्या देवस्थानाच्या डब्यावर पहिल्या सहा महिन्यांत जितक्या नोंदी झाल्या, तितक्या भोरच्याला दोन वर्षांत झाल्या नाहीत. परदेशातून आलेले पाहुणे कामाच्या मधल्या रिकाम्या दुपारी शोधणार ते हॉटेलजवळचंच, भातखाचरात कोण जातंय?

मग पारडं फिरलं कुठे? देवस्थानाच्या आवारात राखणीला एजन्सीचे गार्ड आहेत, आणि ते दर एक-दोन महिन्यांनी बदलतात. परवानगी दिली विश्वस्तांनी. ते महिन्यातून एकदा येतात. डब्यावर नजर कुणाची, तर त्या आठवड्यात जो ड्युटीवर असेल त्या मुलाची. त्याला या पत्राचा पत्ताच नाही. पत्राची स्थळप्रत कचेरीतल्या गोदरेजच्या कपाटात, कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी संध्याकाळी सहानंतर फोन उचलत नाहीत.

पहिल्यांदा डबा गेला तेव्हा मला वाटलं चोरीला गेला. नवीन ठेवला. दुसऱ्यांदा १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशीच्या तपासणीत गार्डला सापडला आणि तो त्याने थेट पोलीस चौकीत जमा केला. त्याचं चुकलं असं मी म्हणणारच नाही. २०१० ची जर्मन बेकरी आणि २०१२ चा जंगली महाराज रस्ता या शहराने पाहिलाय, ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ हे आपण रोज ऐकतो. चौकीत मी शिक्क्याचं पत्र दाखवलं, हवालदारांनी ते वाचलं, डबा उघडून गोट्या मोजल्या आणि हसून परत दिला. म्हणजे कागदाने काम केलं, हे कबूल. पण रजा टाकून दोन तास चौकीतल्या बाकावर बसल्यावर.

मग माझ्या लक्षात आलं की डब्यावरचं लेबल इंग्रजीत होतं. ते काढून देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘हा खेळाचा डबा आहे. धोकादायक नाही.’ आणि नव्या गार्डला मुद्दाम जाऊन दाखवलं. हा मुलगा बिहारचा होता. त्याने लेबल सावकाश वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “साहब, बॉम्ब रखनेवाला भी तो यही लिखेगा ना?”

इतकं सरळ मला रिव्ह्यूअरनेही कधी समजावलं नव्हतं. त्या मुलाशी माझी गट्टी जमली, आणि तो होता तेवढे दिवस डबा अगदी सुखात होता. मग त्याची बदली दुसऱ्या साइटवर झाली. तिसऱ्यांदा डबा गेला तो कुठे गेला हे शेवटपर्यंत कळलं नाही. नवा अर्ज करा, म्हणाल्या बाई, कारण मधल्या काळात विश्वस्त मंडळ बदललं होतं. मी वेबसाइटवरचं त्या डब्याचं पान, म्हणजे लिस्टिंग, बंद केलं.

भोरला मात्र हो म्हणणारा माणूस आणि तिथे उभा असणारा माणूस एकच. आबांचा अधूनमधून फोन येतो. “काल दोन पोरं आलती. तासभर दगडं उलटंपालटं केली. मी खोपटात बसून बघत हुतो, काय बोललो नाय.” मी विचारलं सापडला का. “न्हाय! मग जाताना मीच म्हटलं, वाईच डावीकडं बघा.” आपल्या खेळात याला हिंट म्हणतात, पण ती मालकाने तोंडी, पाणी पाजून द्यावी असं कुठल्याही नियमात नाही. पावसाळ्यात लिस्टिंगवर काय लिहायचं तेही त्यांनीच सांगितलं: लावणी झाल्यावर खाचरात उतरू नका, बांधावरूनच चाला, आणि अंधार पडल्यावर येऊ नका, कुत्रं सोडलेलं असतं.

तोंडी होकाराला भोकं नाहीत असं नाही. सातबारा उघडून बघा, एका गटावर पाच-सहा नावं असतात आणि आपण हो घेतलेला असतो एकाचा. माझ्या बाबतीत आबांचा मुंबईचा पुतण्या गणपतीत गावी आला आणि “आमच्या जमिनीत कुणाला काय ठेवू देता” म्हणून तणतणला. आठवडाभर मी लिस्टिंग थांबवून ठेवलं. आबांनीच ते मिटवलं, कसं ते मी विचारलं नाही. उद्या ती जमीन विकली गेली, प्लॉटिंग पडलं, तर माझं अर्धं पान काडीच्या किमतीचं नाही. आणि ज्याला विचारतोय तो खरोखर मालक आहे का, हेही बघायला हवं. घाटातल्या एका टपरीवाल्याने मला मोठ्या मनाने हो म्हटलं होतं. चौकशी केली तर टपरीच सरकारी जागेत होती.

त्यामुळे तुमच्याकडे गाडी नसेल, महिन्या-दोन महिन्यांनी गावाकडे चक्कर होत नसेल, तर लेखी रस्ताच बरा. डब्याची देखभाल आपल्यालाच करायची असते आणि ओल्या लॉगबुकच्या तक्रारी जुलैत हटकून येतात. तुमचा स्वभाव अनोळखी माणसाशी बोलण्याचा नसेल, तरीही अर्ज करा. फक्त माझं एक ऐका: पत्र मिळालं की त्याची एक झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून गार्डच्या केबिनमध्ये, हजेरीच्या रजिस्टराशेजारी लावून घ्या. कपाटातल्या पत्राचा डब्याला उपयोग नाही. मी ते वेळेवर केलं असतं तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता.

पण दोन्ही जमण्यासारखं असेल, तर मी बांधावर जाईन. पहिल्या भेटीत विचारू नका, मोबाइल खिशात ठेवा, डबा उघडा दाखवा, आणि ‘कॅश’ हा शब्द घरी ठेवून या.

गेल्या महिन्यात लॉगबुक बदलायला गेलो होतो. आबा म्हणाले, एक डबा विहिरीपाशी पण ठेवा की, तिकडं सावली हाय. मी सांगितलं की नियमाने दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर लागतं. “म्हंजी किती पावलं?” मी म्हटलं, माझी दोनशेच्या वर. त्यांनी विळा बांधावर ठेवला आणि डब्याच्या दगडापासून चालायला सुरुवात केली, मोठमोठ्याने मोजत. विहिरीपाशी दीडशेच भरली. कठड्याला टेकून त्यांनी पलीकडे बघितलं.

“त्या आंब्याखाली बसंल,” ते म्हणाले. “पर त्यो थोरल्याचा हाय. थांबा, इचारून येतो.”