कोंबुचाचं जुनं सामान: अख्खा संच, सुटं की मोडीत?

नागपुरात घरी कोंबुचा (गोड चहा आंबवून केलेलं पेय) करणारे मोजकेच, त्यामुळे जुन्या सामानाला ठरलेला भाव नाही. विकणारा बिलाचा आकडा धरून बसतो, घेणारा भंगाराचा. मी दोन्ही बाजूंनी बसून पाहिलंय.

विका कसंही, पण किंमत आधी प्रत्येक वस्तूची वेगळी लावा, आणि तीही आजच्या नव्या भावावरून. बाहेरून मागवताना भरलेलं कुरिअर ही आपली हौस होती. ती घेणाऱ्याच्या माथी मारू नये.

स्टीलचं पातेलं सगळ्यांत जास्त भाव टिकवतं. बिल किंवा 304 (न गंजणाऱ्या चांगल्या स्टीलची प्रत) चा मार्का असेल तर नव्याच्या निम्म्याहून थोडं जास्त मागायला हरकत नाही. नुसतं चुंबक लावून दाखवू नका. चुंबक न चिकटणं हा 304 चा पुरावा नाही, 202 च्या हलक्या स्टीललाही ते सहसा चिकटत नाही. इतवारी बाजारात मोडीला वजनावर जे मिळेल तो तुमचा तळ, त्याच्याखाली उतरायचं कारण नाही. काचेची बरणी बिनतड्याची असेल तर निम्मा भाव. तिची तोटी धातूच्या मुलाम्याची असेल तर आंबटपणाने मुलामा सुटतो, तेव्हा नव्या तोटीचे पैसे वजा करा. प्लास्टिकच्या बादलीला आतून चरे पडले की त्यात जंतू दडतात, नळ्यांचंही तेच. या दोन्हींचे पैसे मागणं मला पटत नाही.

आंबटपणा मोजणारं पीएच मीटर फसवं. दिसायला नवं, पण त्याचं इलेक्ट्रोड वापरा न वापरा, म्हातारं होतंच. कोरडं ठेवलं असेल तर विचारूच नका. घेणाऱ्यासमोर पीएच 4 आणि 7 च्या तयार द्रावणात बुडवून आकडा बरोबर येतो हे दाखवा, मग किंमत बोला.

19 लिटरचा केग (पेय दाबाखाली साठवायची स्टीलची टाकी) आणि कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर असेल तर सुटं विकणंच बरं. केगचे रबरी वायसर बदलता येतात, त्यामुळे भाव फारसा पडत नाही. सिलिंडरवर शेवटच्या चाचणीची तारीख ठोकलेली असते. मुदत संपली असेल तर पुढच्या चाचणीचा खर्च किमतीतून काढा.

बाकी बरण्या, बाटल्या, गाळणी एवढंच असेल तर अख्खा संच द्या. बेरजेतून पाचवा हिस्सा सोडला तरी चालेल. सुटं विकताना दहा जण येतात, "भाऊ, एवढे काहून?" म्हणत घासाघीस करतात, चांगलं तेवढं उचलतात आणि गाळ आपल्याकडेच राहतो. बदली झाली असेल, घर महिनाअखेर सोडायचं असेल, तर संचच.

कोणी बियरसाठी विचारलं तर मी नाही म्हणतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहेच, शिवाय 1949 च्या दारूबंदी कायद्यात त्यासाठी साधनं बाळगणंही येतं.

आणि मे महिन्यात विकायला काढू नका. पारा 45 ला टेकला की बरणी कूलरपुढे ठेवली तरी कोंबुचाचं झपाट्याने व्हिनेगर होतं. तेव्हा नवशिक्याला हे सामान फुकट दिलं तरी नको असतं. माझं दिवाळीनंतर आठवड्यात गेलं. स्कोबीचे, म्हणजे कोंबुचा आंबवणाऱ्या जिवाणू-यीस्टच्या चकतीचे, पैसे मी लावले नाहीत. विरजणाचे कुठे कोण लावतं!