नागपुरात बाबा, श्टुटगार्टला भाऊ: फोनवरच्या मराठी एफ1 कॉमेंट्रीचा सीझनभराचा अनुभव

आधी मांडणी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खामल्याला आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर एफ1 म्हणजे फॉर्म्युला वनच्या रेसचं ॲप, आवाज अगदी बारीक. बाजूला स्टुलावर फोन, स्पीकर ऑन. पलीकडे श्टुटगार्टला माझा धाकटा भाऊ. त्याच्या लॅपटॉपवर तीच रेस आणि कानात हेडफोन. तो मराठीत कॉमेंट्री करतो, बाबा ऐकतात आणि मधूनमधून त्याला खोडून काढतात. 2025 चा जवळजवळ अख्खा सीझन आम्ही असा काढला. तुमच्या घरातलं कोणी बाहेर असेल आणि हे करून पाहायचं असेल, तर काय चालतं आणि काय डोकं खातं ते लिहिते.

बाबा एसटीच्या हिंगणा वर्कशॉपमधून रिटायर झाले. 2005 मध्ये नारायण कार्तिकेयन जॉर्डन टीमच्या गाडीत बसला, तेव्हापासून रेस पाहतात. ग्रेटर नोएडाला 2011 ते 2013 अशा तीन रेस झाल्या आणि तिन्ही व्हेटेल या एकाच जर्मन ड्रायव्हरनं मारल्या, याचा त्यांना अजून राग आहे. गाडीतलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, पण त्या स्पीडची इंग्रजी डोक्यावरून जाते. भावाकडे एफ1 टीव्ही, म्हणजे एफ1 चं स्वतःचं ॲप आहे. त्यात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, डच, पोर्तुगीज अशा भाषा निवडता येतात. मराठी अर्थातच नाही. आठवडाभर ऑफिसात जर्मन बोलून त्याचा जीव मेटाकुटीला येतो. रविवारी दोन तास मनसोक्त नागपुरी बोलायला मिळतं, म्हणून तोच जास्त उतावीळ असतो.

आता खरी भानगड: डिले. याचा बंदोबस्त न करता बसलात तर रेसचा सत्यानाश. ॲपवरचा व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांमध्ये येतो आणि प्लेअर आधी चारदोन तुकडे जमा करून मगच दाखवायला लागतो. त्यामुळे प्रत्येक देशात, प्रत्येक ॲपवर, अगदी एकाच घरातल्या टीव्हीवर आणि मोबाइलवरसुद्धा रेस वेगवेगळ्या क्षणाला चालू असते. भाऊ आमच्या बराच पुढे असायचा. तो "गेला, गेला, गेला बे!" म्हणून ओरडायचा आणि आमच्या पडद्यावर दोन्ही गाड्या शहाण्यासारख्या एकामागे एक. बाबा विचारायचे, "कोण गेला? कुठं गेला?"

उपाय सोपा आहे. जो पुढे आहे त्यानं पॉज करायचं. खूण म्हणून आम्ही पडद्याच्या कोपऱ्यातला लॅपचा, म्हणजे फेरीचा आकडा धरतो. पहिली गाडी रेषा ओलांडते तसा तो बदलतो. त्याच्याकडे बदलला की तो "आता" म्हणतो आणि मोजायला लागतो. आमच्याकडे बदलला की मी "आता" म्हणते. जेवढे सेकंद निघाले तेवढा वेळ त्यानं व्हिडिओ थांबवायचा. एकदोन सेकंदांचा फरक उरतो, तेवढा चालतो. पण हे एकदा करून भागत नाही. इकडे नेट अडखळलं की आमचं ॲप मागे पडतं, नाहीतर थेट लाइव्हवर उडी मारतं आणि सगळं मुसळ केरात. म्हणून सेफ्टी कार (अपघात वगैरे झाला की सगळ्यांच्या पुढे हळू चालणारी गाडी) आली की पुन्हा जुळवून घ्यायचं असा आमचा नियम झाला आहे. टीव्हीला वायफायऐवजी राउटरपासून केबल ओढल्यावर हा त्रास बराच कमी झाला. फोनवरची स्कोअरची नोटिफिकेशन्स बंद करा. लाइव्ह टायमिंग (कोण कितवा, किती वेळात, याचा चालू तक्ता) इकडे उघडूच नका, ते व्हिडिओच्याही पुढे पळतं. भाऊ ते पाहतो आणि माहीत असून गप्प बसायला शिकला आहे, हे मोठंच काम.

आवाजाचं म्हणाल तर, टीव्हीचा आवाज फोनच्या माइकमधून परत त्याच्या कानात घुमतो. टीव्ही बारीक ठेवला आणि बोलायचं नसेल तेव्हा आमचा माइक म्यूट केला की झालं. अगदी बंद मात्र करू नका, इंजिनाशिवाय रेस म्हणजे बिनतर्रीचे पोहे.

कॉमेंट्रीबद्दल. सुरुवातीला भाऊ टीव्हीवरचंच मराठीत सांगायचा आणि ते कंटाळवाणं होतं. बाबांच्या प्रश्नांनी त्याला वळण लावलं. चाक कसं बदलतात? एका चाकाला एकच नट, आणि चारही चाकं दोन-अडीच सेकंदांत. बसच्या चाकाचे नट काढण्यात हयात गेलेल्या माणसानं ते तीनदा रिप्ले करून पाहिलं.

6 जुलैची इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनची रेस सगळ्यात रंगली. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू, तिकडेही पाऊस आणि इकडेही. सॉबर टीमचा हल्केनबर्ग एकोणिसाव्या जागेवरून निघालेला. टायर बदलायच्या वेळा अचूक साधल्या आणि शेवटाला हॅमिल्टनला मागे ठेवून तिसरा आला. 239 व्या रेसमध्ये पहिलं पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत जागा! फोनवर तेव्हा हे चाललं होतं:

"बाबा, हा एकोणिसावा होता जी, आता तिसरा आहे."

"काहून? गाडी तर मागचीच आहे ना?"

"गाडी तीच आहे, टायर टायमावर बदलले."

"मंग आधी त्या पिटवाल्यांचं नाव घे."

हे तुम्हाला कुठल्या चॅनेलवर मिळणार नाही. त्याच रेसमध्ये मॅक्लारेन टीमच्या पियास्त्रीला सेफ्टी कारच्या मागे अचानक ब्रेक मारल्याबद्दल दहा सेकंदांची शिक्षा झाली. पुढे निघालेला हा पोट्टा जिंकला नाही, त्याच्याच टीमचा नॉरिस जिंकला. भावाला शिक्षा जास्त वाटली. बाबांचं मत: रस्त्यावर असा ब्रेक मारणाऱ्याला वर्धा रोडवर जास्त मिळाली असती.

तीन आठवड्यांनी बेल्जियममधल्या स्पाला पावसामुळे रेस तासाहून जास्त उशिरा सुटली. आईनं संधी साधून फोन ताब्यात घेतला आणि जेवणापासून लग्नापर्यंत सगळी चौकशी उरकली. गाड्या निघाल्या तेव्हा आमचे कॉमेंटेटर पार गळपटले होते.

लास वेगासची रेस रविवारी सकाळी साडेनऊला होती. ती संपवून आम्ही मोकळे झालो आणि दुपारी कळलं की मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाद. गाडीच्या पोटाखालची पट्टी झिजून 9 मिलिमीटरच्या खाली गेली होती. भावानं परत फोन लावला, तर बाबांनी त्यालाच समजावलं की गाडी जमिनीला जितकी चिकटवून पळवाल तितकं खालून घासणारच.

जमत नाही ते म्हणजे अमेरिकेकडच्या रेस. मायामी आणि मेक्सिको रात्री दीडला, ऑस्टिन साडेबाराला. बाबा तेवढं जागत नाहीत. मग सकाळी रिप्ले लावतो, पेपर लपवतो आणि भावाला ऑफिसला जायच्या आधी गाठतो. पण निकाल माहीत असलेला कॉमेंटेटर ओळखू येतो. मेमध्ये वादळानं लाइट गेली की राउटरही जातो, तेव्हा नुसत्या फोनवर रेस ऐकायची.

बरेच जण विचारतात की भावाचंच लॉगिन इकडे का नाही चालवत, किंवा आपलं त्याला का नाही देत. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकलेले असतात. ब्रिटनमध्ये तर एफ1 टीव्हीवर लाइव्ह रेस मिळतच नाही, तिथे स्काय हे पैसे भरून घ्यायचं चॅनेल. युरोपियन युनियनमध्ये 2018 पासून एका देशाचं सदस्यत्व दुसऱ्या देशात तात्पुरतं वापरता येतं, पण नागपूर काही युनियनमध्ये नाही. आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणाऱ्या व्हीपीएनच्या नादी आम्ही लागलो नाही. ज्यानं त्यानं आपापल्या देशातलं घ्यावं आणि फोननं जोडावं, हेच बिनत्रासाचं.

सीझनच्या शेवटच्या रेसमध्ये, अबुधाबीला, नॉरिस तिसरा आला आणि दोन गुणांनी चॅम्पियन झाला. रेस मात्र व्हर्स्टॅपननं मारली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. 2026 पासून डीआरएस (ओव्हरटेक करायला मागचा पंख उघडायची सोय) नाही, बॅटरीचा वाटा जास्त आणि गाड्या बावीस. बॅटरीवर बाबांचा विश्वास नाही. पहिली रेस 8 मार्चला मेलबर्नची, आपल्याकडे सकाळी साडेनऊ, म्हणजे जर्मनीत पहाटेचे पाच. भावानं आत्ताच कळवलं आहे: "ताई, पहिले दहा लॅप तूच सांभाळ."